आपले लिखाण, आपले संकेतस्थळ

खेड्यापाड्यांतून काम करणारे शिक्षक बंधुभगिनी काही ना काही लिहीत असतात. कोणी शाळेतल्या प्रयोगाची हकिगत लिहितो, कोणी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो, तर कोणी ओढ्याला पहिले पाणी कोणत्या तारखेस आले याची टिपणे वर्षानुवर्षे ठेवतो. पूर्वी हे लिखाण वहीत राहत असे. आता ते मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या गटात जाते. दोन दिवस त्याचे कौतुक होते आणि मग शुभेच्छांच्या चित्रांखाली आणि लग्नपत्रिकांखाली ते गाडले जाते. महिन्याभराने कोणी विचारले, "गुरुजी, ती जुन्या विहिरींची माहिती कुठे बघायला मिळेल?" तर गुरुजींपाशी उत्तर नसते. फोन बदलला म्हणजे तर सगळाच कारभार आटोपला.

हे लिखाण एका जागी, तारखेवार, कोणालाही केव्हाही वाचता येईल असे ठेवता येते. त्यासाठी पैसा लागत नाही. ज्याला ब्लॉग किंवा अनुदिनी म्हणतात, तसले स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ कसे उभारावे, ते आपल्या मराठीला शोभेसे कसे सजवावे, आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

पहिला प्रश्न आपण विचाराल, की हे फुकट कसे? जगात फुकट काही मिळत नाही हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तेव्हा याचे कारण समजून घेऊ.

संकेतस्थळांचे दोन प्रकार असतात. एक प्रकार असा, की आपण पान मागितले म्हणजे पलीकडचे यंत्र त्या क्षणी माहितीच्या कोठारातून हवे ते काढते, जुळवते आणि पान तयार करून पाठवते. बँकेचे किंवा रेल्वेच्या तिकिटांचे काम असे चालते. दुसऱ्या प्रकारात पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. मागणी आली, की नुसते पान उचलून द्यायचे. ज्योतिषीबुवांच्या घरी जाऊन तिथी विचारली तर ते बसून गणित मांडतात. पण छापील पंचांगात ते गणित एकदाच झालेले असते. मग हजार माणसांनी हजार वेळा उघडले तरी पुन्हा गणित करावे लागत नाही. या पंचांगासारख्या संकेतस्थळाला स्थिर संकेतस्थळ म्हणतात.

स्थिर संकेतस्थळाला यंत्राची मेहनत फार थोडी लागते, म्हणून ते सांभाळण्याचा खर्च नाममात्र येतो आणि काही कंपन्या ही जागा विनामूल्य देऊ शकतात. शिवाय ते मंद रेंजमध्येही चटकन उघडते आणि त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. जगातले पहिले संकेतस्थळ असेच होते. टिम बर्नर्स-ली यांनी ते स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत तयार केले आणि १९९१ साली ते लोकांसाठी खुले झाले. सर्नने २०१३ साली ती जुनी पाने त्यांच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. तीस वर्षांपूर्वीची ती साधी पाने आजच्या फोनवरसुद्धा वाचता येतात, ती त्यांच्या साधेपणामुळेच.

याला मर्यादाही आहे. अशा पानांवर हजेरी घेता येत नाही, अर्ज भरून घेता येत नाहीत, वाचकांची उत्तरे आपोआप जमा होत नाहीत. पण आपल्याला लिहायचे आहे आणि लोकांनी ते वाचायचे आहे. तेवढ्याला हे पुरेसे आहे.

आता जागा कोठे घ्यावी? उदाहरणादाखल मी गिटहबचे नाव घेतो. त्याची जाहिरात करण्याचा हेतू नाही. गिटलॅबसारख्या इतर ठिकाणीही अशी सोय आहे. गिटहबवर विनामूल्य खात्यात एका संकेतस्थळाला सुमारे एक गिगाबाइट जागा मिळते. एक गिगाबाइट म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहू. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. दोन हजार शब्दांच्या लेखाला सुमारे चाळीस हजार बाइट धरा. म्हणजे असे पंचवीस हजार लेख त्या जागेत मावतील. रोज एक लेख लिहिला तरी अडुसष्ट वर्षे लागतील! पण फोनने काढलेले चार मेगाबाइटचे एक छायाचित्र शंभर लेखांची जागा खाते. म्हणून छायाचित्रे लहान करूनच ठेवावीत. वाचणाऱ्याचा डेटाही त्यामुळे वाचतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संगणक असला तर उत्तम. नसला तर फोनच्या ब्राउझरमध्येही हे होते, फक्त जरा धीर धरावा लागतो.

पहिली पायरी खाते उघडण्याची. ईमेल पत्ता द्यावा आणि एक वापरनाव घ्यावे. हे नाव विचारपूर्वक घ्या, कारण तेच आपल्या संकेतस्थळाचा पत्ता होणार आहे. इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच त्यात चालते. परवलीच्या शब्दाखेरीज दुसरे कुलूपही लावावे. ते लावताना काही राखीव संकेत मिळतात. ते कागदावर लिहून, घरातील महत्त्वाचे कागद जेथे ठेवता तेथे ठेवा. फोन हरवला तर तेच उपयोगी पडतील. त्याचबरोबर आपला ईमेल पत्ता खाजगी ठेवण्याची खूण सेटिंग्जमध्ये करून घ्यावी.

दुसरी पायरी कोठार उघडण्याची. याला तेथे रिपॉझिटरी म्हणतात. आपल्या शाळेतले फडताळच समजा ना. त्याला नाव द्यायचे ते आपले वापरनाव, मग टिंब, मग गिटहब, मग टिंब, मग इंग्रजी आय आणि ओ ही दोन अक्षरे. कोठार 'पब्लिक' म्हणजे सर्वांना दिसणारे ठेवावे आणि आरंभी 'रीडमी' फाइल तयार करण्याची खूण करावी. मग सेटिंग्जमधील 'पेजेस' या भागात जाऊन पाने 'मेन' या शाखेतून प्रसिद्ध व्हावीत असे निवडावे. पहिल्या वेळी पान दिसायला दहा मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात चहा घ्या.

तिसरी पायरी महत्त्वाची. आपण लिहिलेल्या साध्या मजकुरापासून संकेतस्थळाची पाने बनवणारा एक कारागीर गिटहबवर आधीच हजर असतो. त्याचे नाव जेकिल. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो २००८ साली तयार केला. छापखान्यात जसा जुळारी आपले हस्तलिखित घेऊन खिळे जुळवतो, समास सोडतो, मथळा मोठा करतो, तसेच हा करतो. आपण फक्त हस्तलिखित द्यायचे.

या जुळाऱ्याला सूचना देणारी एक फाइल असते. तिचे नाव कॉन्फिग. नावाआधी अधोरेघ म्हणजे खालची रेघ, आणि शेवटी टिंब वाय एम एल. 'क्रिएट न्यू फाइल' दाबून ती तयार करावी. तिच्यात एकेका ओळीवर एकेक सूचना लिहावयाची: 'थीम'पुढे मिनिमा, 'टायटल'पुढे संकेतस्थळाचे नाव, 'डिस्क्रिप्शन'पुढे एका वाक्यात ओळख. सूचनेचे नाव इंग्रजीत, पण तिच्यापुढचा मजकूर मराठीत लिहिता येतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. प्रत्येक सूचनेच्या नावानंतर अपूर्णविरामाची दोन टिंबे येतात आणि त्यांच्यापुढे एक जागा मोकळी सोडावी लागते. ती सोडली नाही तर जुळारी अडून बसतो. पुष्कळांची गाडी पहिल्या दिवशी येथेच रुतते.

मग 'इंडेक्स' टिंब 'एम डी' या नावाची फाइल करावी. हे आपले मुखपृष्ठ. तिच्या पहिल्या ओळीत तीन आडव्या रेघा, दुसऱ्या ओळीत 'लेआउट' पुढे 'होम', आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा तीन आडव्या रेघा. बस्स. आपल्या सगळ्या लेखांची यादी या पानावर आपोआप लागत जाईल. नवीन लेख वर, जुना खाली.

आता लेख कसा घालावा? लेखांच्या कप्प्याचे नाव 'पोस्ट्स', आणि त्याच्याही आधी अधोरेघ. फाइलच्या नावात आधी इंग्रजी अंकांत वर्ष, महिना व दिवस, मग इंग्रजी लिपीत विषय. या सर्वांच्या मध्ये आडव्या रेघा, आणि शेवटी टिंब एम डी. आत पुन्हा तीन रेघांच्या दोन ओळी, आणि त्यांच्यामध्ये 'लेआउट' पुढे 'पोस्ट' व 'टायटल' पुढे लेखाचे मराठी नाव. त्याखाली आपला मजकूर. मग 'कमिट' दाबले, की काही मिनिटांत लेख जगापुढे.

येथे एक गंमत सांगतो. तारीख पुढची असेल तर जुळारी तो लेख छापत नाही, राखून ठेवतो. आणि त्याचे घड्याळ ग्रिनिचचे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो! पहाटे उठून लिहिणाऱ्याचा लेख त्यामुळे दिसत नाही आणि तो उगाच चुका शोधत बसतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'टाइमझोन' पुढे 'एशिया' तिरपी रेघ 'कोलकाता' लिहिले म्हणजे हा प्रश्न मिटतो.

मजकूर लिहिण्याची रीत सोपी आहे. तिला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली मांडली. ओळीच्या आरंभी दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचे फुलीचे चिन्ह देऊन एक जागा सोडली की ती ओळ मथळा होते. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन दोन चांदण्या दिल्या की तो ठळक होतो. मध्ये एक ओळ कोरी सोडली की नवा परिच्छेद सुरू होतो. ओव्या किंवा कविता उतरवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की नुसती ओळ मोडली तर जुळारी दोन्ही ओळी एकत्र जोडून टाकतो. चरणाच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या, म्हणजे पुढचा चरण पुढच्या ओळीवर जातो. न सोडल्यास सबंध ओवीचे गद्य होते!

मराठी टंकलेखनाविषयीही थोडे बोलले पाहिजे. जे लिहायचे ते युनिकोडमध्ये लिहावे. आजच्या फोनवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असते. पण शाळेच्या किंवा छापखान्याच्या जुन्या संगणकावर श्रीलिपीसारख्या पद्धतीत टंकलेले जे मजकूर असतात, ते तसेच उचलून घातले तर वाचणाऱ्याला अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसेल. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे आणि मग डोळ्यांखालून घालावे, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार कधीकधी घसरतात.

आता सजावट. जुळाऱ्याचा पोशाख इंग्रजी आहे. त्याला मराठी पेहराव चढवायचा. यासाठी चार बदल पुरेसे आहेत. पहिला, कॉन्फिग फाइलमध्ये 'लँग' पुढे 'एम आर' लिहावे. याने पानाची भाषा मराठी आहे हे यंत्राला कळते. दृष्टिहीन वाचकाचा फोन पान वाचून दाखवतो, तेव्हा मराठी उच्चार निवडण्यासाठी त्याला हीच खूण लागते. दुसरा, मुखपृष्ठावर लेखांच्या यादीला इंग्रजी मथळा येतो. इंडेक्स फाइलमध्ये 'लिस्ट', अधोरेघ, 'टायटल' अशी ओळ घालून पुढे 'लेख' किंवा 'टिपणे' असे लिहावे. तिसरा, तारखेत महिन्याचे नाव इंग्रजीत येते. मिनिमाच्या सूचनांमध्ये तारखेचा नमुना बदलून ती केवळ अंकांत आणता येते. चौथा बदल अक्षरांचा. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींतील अंतर आपल्याला अपुरे पडते. ते दीडपटीवरून पावणेदोनपटीच्या आसपास न्यावे, आणि अक्षर सोळा ऐवजी अठराचे घ्यावे. हे बदल 'असेट्स' कप्प्यातील 'मेन' नावाच्या पोशाखाच्या फाइलमध्ये करतात. गावातील वडीलधारी माणसे चष्मा न शोधता वाचू लागली, म्हणजे सजावट साधली असे समजावे. रंगीबेरंगी पार्श्वभूमी आणि हलती चित्रे यांच्या मागे लागू नये.

स्वतःच्या नावाचा निराळा पत्ता हवा असल्यास विकत घेता येतो, पण त्याचे शुल्क ठरावीक मुदतीने भरत राहावे लागते. न भरल्यास तो पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मिळालेला विनामूल्य पत्ता आपल्या कामाला पुरेसा आहे.

श्रोतेहो, आता सांगतो ते नीट ऐका. गिटहबच्या पोटात गिट नावाची एक वही आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली बनवली. आपण केलेला प्रत्येक बदल या वहीत नोंदला जातो. सातबाऱ्यावर फेरफार झाला, की जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. कोणीही पाहिले तर पूर्वी कोण होते ते कळते. तसेच येथे आहे. चांगल्या बाजूने पाहिले तर चुकून लेख पुसला गेला तरी तो मागच्या नोंदीतून परत काढता येतो. पण वाईट बाजू अशी, की एखाद्या मुलाचा पत्ता, कोणाचा आधार क्रमांक किंवा फोन नंबर आपण आज घातला आणि उद्या काढून टाकला, तरी तो मागच्या नोंदीत सर्वांना दिसत राहतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की मुलांची नावे आणि छायाचित्रे सहजासहजी घालू नका. अठरा वर्षांखालील मुलांच्या व्यक्तिगत माहितीसाठी पालकांची संमती हवी, असा दंडक आपल्या देशाच्या २०२३ सालच्या कायद्याने घातला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ते मूल उद्या मोठे होणार आहे. त्याच्या लहानपणाचे काय जगाला दाखवावे, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. 'सहावीतील एक विद्यार्थिनी' एवढे लिहिले तरी तिच्या प्रयोगाची गोष्ट उणी होत नाही.

दुसऱ्याचे लिखाणही न विचारता उतरवू नये. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. ओव्या, म्हणी, वाक्प्रचार हे लोकांचे धन; पण ज्या बाईने सांगितले तिची परवानगी घ्यावी आणि तिची इच्छा असेल तर तिचे नाव मानाने लिहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आल्या आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले पाहावयास मिळते. आपले काम छोटे असेल, पण त्याची रीत तीच असावी.

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. पुष्कळ तरुण मंडळींनी ऑर्कुटवर मनापासून लिहिले. ते २०१४ साली बंद झाले. त्याआधी जिओसिटीज या ठिकाणी असंख्य लोकांनी फुकट घरे बांधली होती; तेही २००९ साली बंद पडले. फुकटची जागा ही अखेर परक्याची जागा. आज गिटहब आहे, उद्याची खात्री कोणी द्यावी? पण या पद्धतीत एक मोठा फायदा आहे. आपले लेख म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली आहेत. त्या एका कळीसरशी सबंध गाठोडे करून उतरवून घेता येतात, आणि कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कंपनीवाचून वाचता येतात. एक घर बंद पडले तर तेच गाठोडे दुसऱ्या घरी नेता येते. म्हणून दर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत हे गाठोडे उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावे, आणि एक प्रत शाळेच्या कपाटात द्यावी. पेरणीपुरते बी घरात राखून मगच शेतकरी धान्य बाजारात नेतो, तसेच हे आहे.

काय लिहावे हा प्रश्न राहिला तर आपल्या शिवारापासून आरंभ करा. गावातील प्रत्येक शेताला, ओढ्याला, माळाला जे नाव आहे ते कशावरून पडले, हे विचारून लिहा. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते ते लिहा. घरोघरी पूर्वी कोणत्या जातीचे भात, कोणती ज्वारी होती, ती का गेली ते लिहा. भागाकार न समजणारे मूल कोणत्या युक्तीने शिकले ते लिहा. त्याच अडचणीत असलेला दूरच्या तालुक्यातला एखादा शिक्षक ते वाचून आपणांस मनोमन धन्यवाद देईल. ही माहिती कोणा शहरातल्या ग्रंथात मिळणार नाही. ती ज्यांना ठाऊक आहे ती माणसे वयाने थकलेली आहेत, आणि त्यांच्यापाशी जाऊन बसणे हे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही. या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जा. खाते उघडण्याचे काम सोमवारी केले तरी चालेल.